खिडकी नंबर सात

रोसारियोत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
बँक होती तिथे आता मी पितळ पुसते.
वर बावन्न खोल्या,
एका रात्रीच्या भाड्यात माझे दोन पगार बसतील अशा.
मॅनेजरच्या केबिनमध्ये टब, सिंहाच्या पायांचा.
तळघरातल्या तिजोरीत बार:
हातभर जाडीचं दार सताड उघडं,
लॉकरांतून वाइनच्या बाटल्या आडव्या निजलेल्या,
नंबर मात्र जुनेच.
छतावरची बाई तेवढी होती तशी आहे,
काखेत गव्हाची पेंढी, पाऊल ढगावर.
तिला कधी कुणी विचारलं नाही
शिल्लक किती.

मुख्य दार ब्राँझचं.
त्याला कमरेपासून खांद्यापर्यंत पोचे.
पाहुणे बोटं फिरवून बघतात. माहितीपत्रकात लिहिलंय,
'काळाच्या खुणा'.
काळाच्या हातात पातेलं नव्हतं.
त्या डिसेंबरात, मरणाच्या उकाड्यात,
आपलेच पैसे मागायला आलेली माणसं
पळ्या, डाव, झाकणं घेऊन उभी होती,
आणि डाव्या फळीवरचा, कडीच्या चार बोटं खाली,
तो पोचा माझ्या आईचा.
मी सात वर्षांची. कानांत बोटं घालून मोजत होते.
आता रोज सकाळी त्यात फडकं फिरवते,
हळू, लहान मुलाचा कान पुसावा तसं.

दर गुरुवारी चारच्या सुमाराला सेन्योर किरोगा येतात.
कॉफी एकच, सगळ्यात लहान.
खांबाजवळचंच टेबल हवं. रिकामं नसलं
तर थांबतात, रांगेत असल्यासारखे.
अंगठा जिभेला लावून साखरेच्या पुड्या मोजतात.
वेटर हसतात.
मी फरशी पुसताना बघितलंय,
त्या टेबलाखाली संगमरवरात चार भोकं बुजवलेली आहेत.
काउंटर होता तिथे. खिडकी नंबर सात.
एकदा म्हणाले, मी विचारलं नसताना:
'तेहेतीस वर्षं मी लोकांचं घेतलं, लोकांना दिलं.
अकरा दिवस नुसतं नाही म्हटलं.
अकराच लक्षात राहतात.'

मी किल्ली विसरले त्या गुरुवारी आई आली.
पुढच्या दाराने, तिला दुसरं ठाऊकच नाही.
पोच्यात बोटाचं पेर घालून बघितलं.
'उथळ झालाय,' म्हणाली, 'तू फार घासतेस.'
मग आत नजर गेली,
आणि तिने त्याला पाठमोराच ओळखला.

मी फडकं धरून खांबाआड.
ती त्याच्या समोर बसली, कुणी न विचारता.
'झुलेमा बारराल,' म्हणाली,
'शाळेच्या पोरांचे पांढरे डगले शिवत होते.
मागच्या खोलीवर स्लॅब टाकायची होती.'
तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता.
'सहीच्या शेवटी तुम्ही शेपटी काढायचात. लांब.'
'आता नाही काढत.'
आणखी काही बोलले असतील.
मधे कुणीतरी पियानो वाजवायला घेतला होता.

बिल आलं, चामड्याच्या पाकिटात.
आईने दोनदा वाचलं, आणि हसली,
बऱ्याच वर्षांनी, दात दिसतील अशी.
रुमालाच्या गाठीतून नोटा काढल्या, उलगडून सरळ केल्या.
उरलेले परत आले, मीच पुसलेल्या तबकडीत.
ते तिने त्याच्याकडे सरकवले.
त्याने अंगठा जिभेला लावला,
मोजले,
पुन्हा मोजले,
आणि सवयीनं, अगदी सवयीनं, मान वर केली:
'कुठल्या खात्यावर?'

'ठेवा,' आई म्हणाली.

उठली. छतावरच्या बाईकडे बघितलंही नाही.
दारातून जाताना त्याला हात लावला नाही.

किल्ली द्यायची राहूनच गेली.
रात्री मी आमच्या पत्र्याच्या दाराशी उभी,
ठोठावत.
ती जागीच होती. आत दिवा दिसत होता.
उघडायला वेळ लावत होती.